तुमचा कोण?

परवा आमच्या भिशीत पोहे-तर्री संपली, चिठ्ठी निघाली, आणि चहा येईपर्यंत कुणीतरी विषय काढला: आपल्याला देखणा वाटणारा पुरुष कोण? अट एकच, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. "घेनार कोन होतं बाप्पा!" मामी म्हणाल्या आणि सगळ्या हसून लोटपोट.

मग सुरू. मामींचा धर्मेंद्र. त्यांच्या जावेचा विनोद खन्ना, हनुवटीवरच्या खळीसकट. आमच्या वयाच्या बायकांचं एकच नाव, मिलिंद सोमण. १९९५ साली 'मेड इन इंडिया'च्या व्हिडिओत तो पेटीतून बाहेर आला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. घरात टीव्ही एकच, समोर बाबा. पाणी प्यायच्या निमित्ताने जाता-येता पाहून घ्यायचं.

गंमत म्हणजे, त्या हॉलमधल्या बहुतेकींनी कधीकाळी पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर चालून दाखवलंय. माझा तर एका आत्याबाईंनी पदर सरकवून शेपटा मोजला होता. मी मुलाकडे पाहिलं ते चहाचा कप देताना, तेही फक्त बोटांकडे. पुरुषाला उघड न्याहाळायला वयाची पन्नाशी यावी लागली! 'सैराट'मधली आर्ची वर्गात पार्श्याकडे टक लावून पाहते आणि तोच लाजतो. २०१६ साली आम्ही तो पाहिला तेव्हा त्या सीनला पोरी शिट्ट्या वाजवत होत्या. मला हेवा वाटला होता.

तर, मामींची नात आतून आली आणि म्हणाली, "माझा 'झुंड'मधला डॉन. अंकुश गेडाम." नागराज मंजुळेंचा २०२२ चा सिनेमा, आपल्या नागपुरातलाच, इथल्याच पोरांना घेऊन केलेला.

"तो?" मामी म्हणाल्या, "अवं, तसे पोट्टे तर आपल्या चौकात उभे रायतात!"

"हो ना आजी. म्हणूनच तर."

क्षणभर कुणीच बोललं नाही. कारण तोवरची आमची सगळी यादी गोरीपान होती. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जाणाऱ्या गावात राहतो आपण. आपले बाप, भाऊ, नवरे सगळे उन्हात रापलेले. तरी 'देखणा' म्हटलं की डोळ्यांसमोर कुणीतरी लांबचा, उजळ माणूस येतो. आणि खरं सांगू का, 'चौकातला पोट्टा' म्हणताना आपण नुसता रंग बघत नाही. वस्ती बघतो, आडनावही बघतो.

बायकांना गोरं करणारं क्रीम होतंच, २००५ मध्ये पुरुषांसाठीही 'फेअर अँड हँडसम' आलं. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं. ट्यूबवरून 'फेअर' गेलं, बायोडेटातून 'गोरी' गेली नाही. हे मी कुणाला ऐकवत नाहीये. मागच्या दिवाळीत भाच्याच्या बायोडेटात 'अपेक्षा: गोरी, सुस्वरूप' हे मीच टाईप केलंय. भाचा सावळा, मी सावळी. मला दोन स्थळांनी रंगावरून नकार दिला होता, आई रात्रभर रडली होती. तरी बोटं आपोआप चालली. कुणी सांगितलंही नव्हतं.

घरी येऊन ती फाईल उघडली, शब्द खोडला आणि भाच्याला फोन लावला. म्हटलं, "तुला कशी मुलगी हवी रे?"

तो म्हणाला, "मावशी, आधी तिला मी आवडायला पाहिजे ना!"

पंचवीस वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न कुणी असा उलटा विचारलाच नव्हता.

पुढची भिशी माझ्याकडे आहे. मामींनी आत्ताच बजावलंय, "टीव्हीवर ते 'झुंड' लावून ठेवजो. त्या पोट्ट्याले एक डाव नीट पाहू दे मले."

तर मग, तुमचा कोण? नवऱ्याचं नाव चालणार नाही.