तांबं कुठंय?

पडद्यावर अणूंच्या रांगा उमटल्या. मी विचारलं, "सर, यातलं तांबं कुठलं?" सर म्हणाले, "एकही नाही."

मी धारवाडच्या मळमड्डीची. कर्नाटक विद्यापीठात एम.एस्सी. करताना एवढं पक्कं पाठ झालं होतं, की उच्च तापमानाच्या अतिवाहकांत, म्हणजे वीज विनारोध वाहून नेणाऱ्या पदार्थांत, जे घडतं ते तांबं आणि ऑक्सिजनच्या थरात. आता हे उच्च तापमान तरी केवढं? आम्ही तपासतो त्या बिस्मथवाल्या स्फटिकात अतिवाहकता टिकते ती जेमतेम ९० केल्विनपर्यंत, म्हणजे उणे १८३ अंश सेल्सिअस! अशा पदार्थांचा शोध १९८६ साली झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी लावला. गंमत म्हणजे अणू दाखवणारा टनेलिंग मायक्रोस्कोपही तिथलाच, बिनिग आणि रोहरर यांचा, १९८१चा.

बंगळुरूला प्रयोगशाळेत आले तेव्हा मायक्रोस्कोपात भिंगच नाही हे बघून गडबडले. धातूची सुई पृष्ठभागापासून नॅनोमीटरहूनही जवळ न्यायची आणि थोडा व्होल्टेज द्यायचा. मधली पोकळी ओलांडून इलेक्ट्रॉन जातात. अंतर नॅनोमीटरच्या दहाव्या भागानं वाढलं, की प्रवाह साधारण दहापट घटतो. प्रवाह सारखा राहावा म्हणून सुई वरखाली होते, आणि त्या वरखालीचाच नकाशा म्हणजे चित्र. त्यामुळे धक्का चालत नाही. उपकरण स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. सुट्टीत हे अज्जीला सांगितलं. "मग आपल्याकडं नको गं बाई ते," म्हणाली. खरंच आहे. घर स्टेशनजवळ, मालगाडी गेली की फडताळातली भांडी वाजतात.

स्फटिक चिरोट्यासारखा पापुद्र्यांचा. वर एक बारीक दांडी चिकटवायची आणि निर्वात कोठीत ती ठोकून पाडायची. तिच्याबरोबर वरचे पापुद्रे जातात, खाली हवा न लागलेला पृष्ठभाग उघडा पडतो. पण स्फटिक सुटतो तो बिस्मथ-ऑक्सिजनच्या दोन थरांमध्ये, कारण तिथली पकड सगळ्यांत सैल. म्हणून दिसतो बिस्मथ. तांबं अर्ध्या नॅनोमीटरवर, मधल्या स्ट्रॉन्शियमच्या थराच्याही खाली.

मग तांब्याचं कळतं कसं? सुई एका जागी थांबवून व्होल्टेज बदलत न्यायचा आणि प्रवाह कसा बदलतो ते नोंदवायचं. अतिवाहकतेची ऊर्जा-फट, म्हणजे इलेक्ट्रॉनांना जागा कमी असलेला ऊर्जेचा पट्टा, त्या आलेखात दिसते. मला हे हातचलाखीच वाटत होतं. पण २००० साली सीमस डेव्हिस यांच्या गटानं तांब्याच्या काही जागी मुद्दाम जस्त घातलेला स्फटिक तपासला. पृष्ठभागावर बिस्मथच, तरी ठरावीक ऊर्जेला नकाशा काढताच एकेका जस्ताभोवती फुलीसारखी आकृती उजळली. म्हणजे सुईला खालचं कळतं. इथं माझी शंका मिटली.

दुसरी लगेच उभी राहिली. २००१ मध्ये असंही दिसून आलं, की काही नॅनोमीटर सरकलं तरी फटीची रुंदी बदलते. मी तर एका स्फटिकाची एकच फट धरून चालले होते. आता आमच्या तुकड्याचा नकाशा काढायचाय. त्याला हजारो आलेख लागतात, आणि तोवर स्फटिक थंड ठेवणारं हेलियम संपता कामा नये.