कीज स्टार

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला मी एक कमांड मारली. चार अक्षरं, एक स्पेस, एक स्टार. 'कीज *'. आणि आमची साईट झोपली.

रेडिस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सर्व्हरच्या रॅममध्ये ठेवलेली भली मोठी डिक्शनरी. की द्या, व्हॅल्यू घ्या. साल्वातोरे सान्फिलिप्पो या इटालियन पठ्ठ्यानं २००९ मध्ये आणलं. असो.

मेमरी का फुगतेय ते मी बघत होतो. संशय होता की लॉगिनच्या काही कीजना मुदतच लावलेली नाही. 'टीटीएल' विचारलं की -१ आलं म्हणजे मुदत नाही, -२ म्हणजे की-च नाही. पण टीटीएल विचारायला आधी कीज हव्यात ना! लॅपटॉपवर चाळीस कीज, उत्तर चुटकीसरशी. तीच सवय प्रॉडक्शनवर. तिथे दोन कोटी.

रेडिस एका वेळी एकच कमांड चालवतं. बँकेत एकच खिडकी उघडी आणि पुढच्या काकांनी दहा वर्षांचं पासबुक भरायला दिलंय, तसं. सहा-सात सेकंदच, पण तेवढ्यात मागच्यांचे टाइमआउट, मग रीट्राय, मग अजून गर्दी...

पाच मिनिटांत कॉल सुरू. कुणीतरी म्हणालं, "नेटवर्क असेल." मी म्हटलं, "हो, वाटतंय तसं." (हो, म्हटलं मी असं.) नेटवर्कवाला बिचारा स्विच तपासायला लागला. त्याच्या मागे तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

इकडे मी गुपचूप 'स्लोलॉग गेट' केलं. दहा मिलिसेकंदांपेक्षा जास्त खाणारी प्रत्येक कमांड रेडिस तिथे टिपून ठेवतं. पहिल्याच ओळीत माझी 'कीज *', वेळ, आणि शेजारी माझ्याच मशीनचा आयपी. हा लॉग फक्त मेमरीत असतो, डिस्कवर नाही. 'स्लोलॉग रीसेट' म्हटलं की साफ.

टाईप केलं होतं मी ते. पूर्ण. बोट एंटरवर.

बाळ अजून रडतच होतं. बॅकस्पेस दाबत दाबत मागे आलो, माईक चालू केला. "नेटवर्क नाहीये. मी कीज स्टार मारलं."

दोन सेकंद शांतता. मग लीड म्हणाला, "बरं. स्कॅन का नाही वापरलंस?"

खरंच, का नाही? स्कॅन २०१३ पासून आहे. थोड्या थोड्या कीज देतं, मध्ये इतरांनाही वाट देतं. एखादी की दोनदा येऊ शकते, एवढंच. नेटवर्कवाला काहीच बोलला नाही, कॉल सोडून गेला. ते जास्त लागलं.

सोमवारी आम्ही कॉन्फिगमध्ये 'रिनेम-कमांड' वापरून कीजला रिकामं नाव दिलं, म्हणजे कमांड बंदच. मंगळवारी सवयीनं पुन्हा 'कीज *' टाईप केलं. उत्तर आलं: अननोन कमांड.

नेटवर्कवाल्याला अजून चहाला विचारलेलं नाही. उद्या विचारतो.