त्याच होड्या, सहा वेळा

आज वाडीतलं थोडं उशिरा सांगतो, आधी चित्रांचं.

लेकीने मोबाईलवर जपानी चित्रं दाखवली. चित्रकार हिरोशी योशिदा. चित्र लाकडावर कोरायचं, रंग लावायचा, कागद दाबून छापायचं. हा माणूस १९३०-३१ ला आपल्या देशात फिरून गेला, अजिंठ्याचंही चित्र केलंय.

पण मी अडकलो शिडाच्या होड्यांवर. १९२६ ची सहा चित्रं. होड्या त्याच, पाणी तेच, बदलला फक्त रंग. सकाळ, दुपारच्या आधी, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र. पाचूबंदरला आपण हे रोजच बघतो. बघतो म्हणजे काय, समोरून जातो.

मग वांगी आठवली. गेल्या साली मी दुपारचाच वाडीत जायचो. झाडांनी माना टाकल्या की सोड पाणी! अहो, दुपारच्या उन्हात चांगलं झाडही मान टाकतं. पहाटेही मान खाली असेल तर माती उकरून बघायची. ओल असून झाड मलूल, म्हणजे मुळात बिघाड. मी पहाटे गेलोच नाही. मुळं कुजली, दोन वाफे गेले.

यंदा एकाच झाडाचे दिवसात तीन फोटो काढतोय. पहाटेचा रोज राहतो, उठवत नाही.