चिरलेला वेळू

गोड्या पाण्यातल्या माशांचे इंग्रजांनी दोन वर्ग केले. सामन आणि ट्राउट हे खानदानी. उरलेले बहुतेक 'कोर्स', म्हणजे भरड. या न्यायाने पाहू गेल्यास आमच्या पालम तालुक्यातून वाहणाऱ्या गोदावरीतील रोहू, कटला, मरळ, वांब अशी झाडून सारी मासळी भरडच ठरावी. प्रतवारीचा हा सोस माशांपाशी थांबत नाही, तो हातांपर्यंत येतो, हे आम्हांला मासे धरण्याच्या काठीने शिकवले.

आमच्या गोदाकाठी ही काठी म्हणजे सरळसा वेळू. पेरांच्या गाठी तासायच्या, टोकाला दोरा, दोऱ्याला गळ, आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या धाटाचा तुकडा. मोडली तर दुसरी तोडावी. मराठीने 'गळ टाकणे', 'गळाला लागणे' असे वाक्प्रचार घडवले. काठीला मात्र निराळे नावसुद्धा दिले नाही.

इंग्लंडात भरड मासळीच्याही वाट्याला एक असामान्य काठी आली, तिचे नाव स्प्लिट केन. वेळू उभा चिरून त्याच्या सहा पट्ट्या काढतात. प्रत्येक पट्टी तिकोनी आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी. आतला मऊ भाग रंधून टाकायचा आणि सालीलगतचे चिवट तंतू राखायचे, ही त्यातली खरी विद्या. मग सहाही पट्ट्या साल बाहेर ठेवून सरसाने जोडल्या की षट्कोनी, भरीव, लवचिक काठी तयार होते. रिचर्ड वॉकर यांनी 13 सप्टेंबर 1952 रोजी रेडमायरच्या तळ्यात 44 पौंडांचा कार्प धरला, तो स्वतः आखलेल्या अशाच काठीने. तो विक्रम 1980 पर्यंत टिकला. कार्प हा आमच्या रोहू-कटल्याच्याच कुळातला मासा. पुढे काचतंतूंच्या आणि कार्बनच्या काठ्या आल्या. तरीही जुन्या स्प्लिट केनवरचे कारागिराचे नाव पाहून शौकीन आजही किंमत ठरवतात.

आता गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात या काठ्यांसाठी पश्चिमेत जो वेळू वापरीत, त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. तो हिंदुस्थानातला, नाव मिळाले ते ज्या बंदरातून जहाजावर चढला त्याचे. ज्या रानात वाढला, ज्या हातांनी तोडला, त्यांची नोंद त्या नावात नाही. विसाव्या शतकात त्याची जागा दक्षिण चीनमधल्या वेळूने घेतली. त्याला 'टोंकिन' म्हणू लागले. टोंकिन हा व्हिएतनामचा उत्तर भाग, आणि हा वेळू येई तो क्वांगतुंग प्रांतातून. म्हणजे नाव पुन्हा भलतेच.

साल राखून गर काढण्याची विद्या आमच्याकडे नव्हती काय? ती बुरुडाच्या हातात पूर्वापार आहे. त्याची कोयती वेळूच्या अंगाने सरकते, पट्टी हवी तेवढीच जाड निघते, आणि सूप, टोपली, कणगी उभी राहते. परंतु सूप विकत घेताना ते कोणी विणले, हे आमच्यात कोणी विचारत नाही. तिकडच्या कारागिराला नाव लाभले. इकडच्या कारागिराला जात लाभली, आणि नावाची जागा तिनेच व्यापली.

बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांच्या शरणांमध्ये मेदार केतय्या हा बांबूकाम करणारा वचनकार होता. श्रम हीच उपासना मानणाऱ्या त्या मंडळींत बुरुडाला स्वतःच्या शब्दांखाली आपली मुद्रा उमटवता आली. आमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाईही दळणकांडणासकट अभंगात आली आणि तिथे तिने आपले नाव कोरले. या दोघांना आपण अभ्यासक्रमात वाचतो ते भक्तीचे उदाहरण म्हणून. श्रमिकाने आपल्या कामाखाली केलेली सही म्हणून त्यांचे वाचन फारसे होत नाही.

प्लास्टिकच्या सुपाने बुरुडाचा बाजार आक्रसला आहे. उद्या ती कोयती थांबली, तर कोणाचे काय गेले हे सांगायला आपल्यापाशी एकही नाव नसेल. कलाकृती आणि कारागिरी यांत फरक करणारी समीक्षा आपण शिकवतो. तो फरक वस्तूत किती आणि आपल्या प्रतवारीत किती, हे एकदा सूप हातात धरून तपासावे, असे आम्हांस वाटते.