ॲरिझोनाच्या वाळवंटातली एक वायर

परदेशवारीचे लेख आपण पुष्कळ वाचतो. त्यांत उंच इमारती असतात, चकचकीत बाजार असतात. मी आज आपल्याला एका वायरीची हकीकत सांगणार आहे. एस.टी.च्या डेपोत ३४ वर्षे इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी केली. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी वायरिंगकडे जाते, त्याला इलाज नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी लेकीकडे राहायला गेलो होतो. शेजारी एक वृद्ध जोडपे राहते. आजोबा निवृत्त ट्रक ड्रायव्हर, तर आजीबाईंनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. त्यांच्याकडे एक जुनी पिकअप गाडी आणि तिला जोडायचे चाकांवरचे घर आहे. आत स्वयंपाकाचा ओटा, झोपायची जागा, संडास-बाथरूम, सारे काही. तिकडची निवृत्त माणसे हिवाळ्यात अशी घरे घेऊन वाळवंटात जाऊन राहतात. एक दिवस आजोबा म्हणाले, “चला आमच्याबरोबर.” लेकीला ड्यूटी होती, सौ. तिच्याजवळ राहिली. जावई आणि मी असे आम्ही दोघे निघालो.

या घराला तिकडे ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक म्हणतात. मी पाचवे चाक शोधत गाडीभोवती फिरलो, ते काही सापडेना! मग खुलासा झाला. पूर्वी घोड्याच्या चारचाकी गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे चाक बसवीत, त्यावरून हे नाव पडले. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या हुकाला ओढला जातो. हा ट्रेलर मात्र पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या आसावर बसवलेल्या जबड्यात आपली जाड खुंटी अडकवतो. वजन आसावर पडत असल्याने मोठा ट्रेलरही स्थिर चालतो.

आता वायरीकडे येऊ. ट्रेलरच्या पुढच्या तोंडातून एक जाड वायर निघते. तिच्यात सात तारा असतात. एक अर्थची, एक टेल लाइटची, एक डाव्या इंडिकेटरची व ब्रेकलाइटची, एक उजव्याची, एक बॅटरी चार्ज करण्याची, एक रिव्हर्सची आणि सातवी, सर्वांत महत्त्वाची, ट्रेलरच्या ब्रेकची. आपल्या एस.टी.चे ब्रेक हवेवर चालतात. या ट्रेलरच्या ड्रममध्ये विद्युतचुंबक असतात. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की केबिनमधल्या कंट्रोलरमधून त्या तारेने करंट जातो आणि ट्रेलरची चाके धरली जातात. ती तार तुटली तर तीन-चार टनांचे घर थांबण्याऐवजी पिकअपलाच मागून ढकलू लागते.

आजोबांच्या पिकअपला या वायरीचा सॉकेट एकाच जागी होता, मागच्या बंपरखाली. म्हणजे वायर ट्रेलरच्या तोंडातून हौद्यात उतरायची, फाळक्यावरून बाहेर पडायची आणि खाली बंपरला जोडली जायची. मला ती मांडणी पाहताक्षणीच खटकली. पण पाहुण्याने पहिल्याच दिवशी दोष काढू नये म्हणून गप्प बसलो. ही माझी पहिली चूक.

फिनिक्सहून पश्चिमेला आंतरराज्य महामार्ग १० ने सुमारे २०० कि.मी. गेले की क्वार्टझाइट नावाचे छोटे गाव लागते. वाटेत दोन्ही बाजूंना हात वर केलेल्या माणसांसारखे उंच निवडुंग उभे दिसतात. उन्हाळ्यात गाव ओस असते. हिवाळ्यात मात्र आसपासच्या सरकारी माळावर हजारो फिरती घरे येऊन थांबतात आणि गावात ट्रेलरच्या सुट्या भागांपासून रंगीत दगडांपर्यंत सगळ्याचा बाजार भरतो. गावच्या दफनभूमीत हाजी अली नावाच्या उंटवाल्याची समाधी आहे. अमेरिकी सैन्याने १८५६ साली उंट आणले, त्यांच्यासोबत हा आला आणि १९०२ साली इथेच वारला. दगडी पिरॅमिड आणि वर उंटाची आकृती. सामान वाहणाऱ्या एका परक्या मजुराची अशी आठवण ठेवलेली पाहून बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी मला पोस्टन पाहायचे होते. क्वार्टझाइटहून पार्करमार्गे ते सुमारे ७५ कि.मी. आहे. ट्रेलर माळावरच ठेवून नुसती पिकअप न्यायची ठरली. सोडवण्याचा क्रम आजीबाईंनी मला समजावला. आधी ट्रेलरच्या चाकांना अडसर, मग पुढचे पाय जमिनीवर टेकवणे, मग वायर काढणे, मग फाळका पाडणे, आणि शेवटी जबडा उघडून गाडी पुढे घेणे. वायर काढायची विसरलात तर गाडी पुढे जाताना ती मुळासकट उपटून नेते!

पोस्टनला दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, जपानी वंशाच्या लोकांना कैदेत ठेवले होते. एका वेळी सतरा हजारांहून अधिक माणसे तिथे होती. त्यांतली बहुसंख्य अमेरिकेची नागरिक होती. गुन्हा एकच, वंश. जागाही आदिवासींच्या राखीव भूमीतली, त्यांच्या परिषदेचा विरोध डावलून घेतलेली. त्या कैद्यांत बौद्ध मोठ्या संख्येने होते आणि काटेरी वाळवंटातही त्यांनी आपली उपासना सोडली नाही. १९८८ साली अमेरिकेने कायदा करून माफी मागितली व हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले. १९९२ साली उभारलेला काँक्रीटचा एकाकी स्तंभ आज तिथे उभा आहे. मी तिथे त्रिसरण-पंचशील म्हटले. आजोबा-आजी टोपी काढून शेजारी उभे राहिले.

दुपार कलल्यावर माळावर परतलो. त्याच संध्याकाळी फिनिक्स गाठायचे होते. गाडी ट्रेलरखाली मागे घेतली, खुंटी जबड्यात बसली, आजोबांनी वायर जोडली. मदत करावी म्हणून फाळका मी वर करून लावला. कडी नेहमीसारखी वाजली नाही, जरा जड गेली. मी जोर देऊन लावून टाकली. ही माझी दुसरी चूक, आणि ती ३४ वर्षांच्या इलेक्ट्रिशियनची.

आजीबाईंची एक सवय आहे. शाळेची बस चालवताना रोज निघण्यापूर्वी गाडीभोवती फेरी मारून सगळे दिवे तपासायचे, ती सवय अजून सुटलेली नाही. त्यांनी जावयाला ब्रेक दाबायला सांगितले आणि स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या. उजवा दिवा लागला. डावा लागला नाही. फ्यूज उडाला होता. नवा टाकला, तोही लगेच गेला. म्हणजे कुठेतरी तार तारेला चिकटली होती. मी फाळका उघडला. फट आणि कडा यांच्यामध्ये वायर चेपून तिचे आवरण फाटले होते. डाव्या दिव्याची तार अर्थला टेकली होती आणि ब्रेकच्या तारेचे तांबे उघडे दिसत होते.

आजोबा म्हणाले, “ब्रेक तर लागतो आहे. हळूहळू जाऊ.” आजीबाई म्हणाल्या, “मी बसणार नाही.”

मग मी जावयामार्फत त्यांना एक गोष्ट सांगितली. माझा धाकटा भाऊ १९९१ सालच्या डिसेंबरात रात्रपाळीला मोटारसायकलवरून निघाला होता. पुढे उसाची ट्रॉली होती. तिला ना टेल लाइट, ना रिफ्लेक्टर. अंधारात त्याला ती दिसलीच नाही. ट्रॅक्टरवाला नंतर म्हणाला, “साहेब, कनेक्शन तुटले होते, करू करू म्हणत राहिले.” माझ्या भावजयीने दोन लेकरे धुणीभांडी करून वाढवली. हे ऐकल्यावर आजोबांनी किल्ली काढून खिशात टाकली. रात्र तिथेच काढली.

सकाळी बाजारातून नवी वायर, हौद्यात बसवायचा सॉकेट आणि त्याची जोडवायर आणली. ही जोडवायर बंपरच्या सॉकेटच्या मागे कंपनीच्याच प्लगमध्ये बसते, तार कापावी लागत नाही. प्रश्न होता सॉकेट कुठे बसवायचा? आजोबांचे मत केबिनमागच्या भिंतीवर. पण तिथवर तारा लांब न्याव्या लागतात, आणि वळताना ट्रेलरचे तोंड त्याच बाजूला झुकते. आम्ही जागा निवडली ती हौद्याच्या डाव्या भिंतीत, मागच्या चाकाच्या फुगवट्यामागे, फाळक्याजवळ. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. तिथे वायर फाळका न ओलांडता आतल्या आत राहते, फाळका बंद असतानाही बाहेरून हात घालून जोडता येते आणि नीट बसली की नाही ते डोळ्यांना दिसते. पुष्कळ नव्या पिकअपमध्ये असा सॉकेट याच जागी कंपनीकडूनच मिळतो.

भोक पाडण्यापूर्वी मी गाडीखाली शिरलो. कारण डाव्याच बाजूने डिझेल भरायची नळी जात होती. ती चुकवून खूण केली. भोकाच्या कडा घासल्या, गंज चढू नये म्हणून रंग लावला, रबर घालून सॉकेट बसवला. तारा सायलेन्सरपासून दूर बांधल्या. तारांच्या रंगावर मी विसंबलो नाही. गाडीवाल्यांचा रंग एक आणि ट्रेलरवाल्यांचा दुसरा असतो. टेस्ट लॅम्प लावून एकेक तार ओळखली. मग आजोबांनी गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवली आणि वायर ताणत नाही, जबड्यातही लोंबत नाही, हे आम्ही पाहिले.

एक बारीक पोलादी दोरीही असते. ट्रेलर सुटला तर ती खेचली जाते आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक लागतात. ही दोरी जबड्याला न बांधता पिकअपच्या पक्क्या भागाला बांधायची. जबडाच निखळला तर त्याला बांधलेली दोरी काय कामाची? हे मला आजीबाईंनी शिकवले.

निघताना पुन्हा सगळे दिवे पाहिले. सगळे लागले.

तथागतांनी सांगितले, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हे आपण विहारात ऐकतो. त्या माळावर मी ते एका बस चालवणाऱ्या बाईकडून पुन्हा शिकलो.

आपले किती तरी बांधव ऊसतोडीला जातात. लेकरांसह ट्रॉलीवर बसून रात्रीचा प्रवास करतात. बऱ्याच ट्रॅक्टरांना मागे सात पिनांचा सॉकेट कंपनीकडूनच येतो, तो धुळीने भरून पडलेला असतो. ट्रॉलीला वायर नसते, किंवा असते ती लोंबून तुटलेली. माझी विनंती एवढीच की, ट्रॉलीवर चढण्याआधी एकाने मागे उभे राहावे आणि दुसऱ्याने ब्रेक दाबायला सांगावे. दिवा लागला नाही तर मुकादमाला सांगा, “आम्ही बसणार नाही.” निदान लाल रिफ्लेक्टरची पट्टी तरी मागे लावून घ्या. वायर जोडायला आपल्या तरुणांनी शिकावे. मी आता गावी परतलो आहे. रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर टेस्ट लॅम्प घेऊन बसतो. ज्याला शिकायचे असेल त्याने यावे. फी नाही.

जय भीम.