फी भरण्यापूर्वी ऐकून घ्या

निकालाचे दिवस आले की आमच्याकडे पालकांची ये-जा वाढते. पूर्वी प्रश्न ठरलेले असायचे. डीएड करावे की नर्सिंग, सायन्स घ्यावे की कॉमर्स. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे, आणि तो मुलींपेक्षा सुनांसाठी जास्त विचारला जातो. "बाई, पोरगी शिकलेली आहे, पण घर सोडून जाता येत नाही. घरबसल्या कामाचा एखादा ऑनलाइन कोर्स सांगा."

गेल्या वर्षी हाच प्रश्न आमच्या धाकट्या बहिणीकडून आला. भाची प्राणिशास्त्रात बीएस्सी झालेली. पदरात दोन वर्षांचा मुलगा, सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणावर, आणि जावयांचे आखातातले काम सुटलेले. तिने मोबाइलवर एक जाहिरात पाहिली होती: मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन शिका, तीन महिन्यांत घरबसल्या कमवा, नोकरीची हमी. फी ४८ हजार रुपये. त्यासाठी निकाहातल्या दोन बांगड्या गहाण ठेवायचे तिने ठरवले होते. बहीण फोनवर एवढेच म्हणाली, "आपा, बांगड्या तिच्या आहेत, मी अडवणार नाही. पण पैसे भरण्याआधी तुम्ही एकदा बघा."

आम्ही राहतो मिरजेत. इथे डॉक्टरची पाटी नाही अशी गल्ली शोधावी लागते. तेव्हा ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, हे काम पूर्वी केलेल्या एका माजी विद्यार्थिनीला विचारले, आणि भाचीला शेजारी बसवून दोन-तीन संस्थांशी बोललो. त्यातून जे कळले ते इथे देत आहोत.

आधी काम काय ते पाहू. डॉक्टर रुग्णाला तपासतात आणि तपासणीचा वृत्तांत तोंडी सांगून रेकॉर्ड करतात. रुग्णाचा पूर्वेतिहास, शस्त्रक्रियेची हकिकत, डिस्चार्जचा कागद, सगळे आवाजात. तो आवाज ऐकून अचूक अहवाल तयार करणे म्हणजे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन. भारतात हे काम मुख्यतः अमेरिकेतून आले. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे साडेनऊ ते साडेदहा तास असते. तिथल्या डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलेले इथे आपल्या दिवसभरात टाइप होते आणि त्यांच्या सकाळी अहवाल तयार असतो. मोबदला बहुधा ओळींवर मिळतो आणि ६५ अक्षरांची एक ओळ धरण्याची पद्धत आहे. म्हणजे हात सावकाश चालला तर कमाईही सावकाशच.

पण टाइपिंग हा यातला सोपा भाग. खरी परीक्षा कानाची असते. उर्दू शिकवताना आम्ही पहिल्या महिन्यातच मुलांना सांगतो की 'खुदा' आणि 'जुदा' यांत फरक फक्त एका नुक्त्याच्या जागेचा आहे. वर दिला तर खुदा, खाली दिला तर जुदा. वैद्यकीय इंग्रजीत असे नुक्ते पावलोपावली आहेत. 'डिस्फेजिया' म्हणजे गिळायला त्रास, 'डिस्फेझिया' म्हणजे बोलण्यात दोष. 'इलियम' हा शब्द लहान आतड्याच्या शेवटच्या भागालाही आहे आणि कमरेच्या हाडालाही. उच्चार सारखाच, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. कोणते लिहायचे ते पुढचे-मागचे वाक्य समजले तरच कळते. 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त, आणि घाईत बोलणाऱ्याच्या तोंडी दोन्ही जवळजवळ एकच. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत ३५ चा फरक आहे, तर मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा. औषधाचा डोस १ असेल तर १.० लिहू नये, कारण टिंब पुसट झाले की तो १० वाचला जातो, असे तिथले नियम सांगतात.

शब्द अनोळखी असले तरी त्यांची घडण आपल्याला परकी नाही. अरबी-उर्दूत ऐन, लाम, मीम या तीन अक्षरांतून इल्म, आलिम, मालूम, तालीम असे शब्द निघतात. वैद्यकीय शब्दही ग्रीक-लॅटिन मुळांतून असेच बनतात. 'गॅस्ट्रो' म्हणजे जठर. त्याला 'आयटिस' जोडले की जठराचा दाह, 'एक्टमी' जोडले की जठर काढून टाकणे, 'ऑस्टमी' जोडले की जठराला बाहेरून वाट करणे. मुळे आणि प्रत्यय नीट शिकवणारा कोर्स हजारो शब्दांचे पाठांतर वाचवतो. नुसती शब्दांची यादी हातात देऊन "पाठ करा" म्हणणारा कोर्स विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडतो.

या कामाचा एक नियम आमच्या शिक्षकी मनाला फार पटला. आवाज कळला नाही तर अंदाजाने शब्द लिहायचा नाही. जागा रिकामी सोडायची, ध्वनिफितीतली वेळ नोंदवायची आणि वरिष्ठांकडे पाठवायचे. आपल्या परीक्षेत आम्ही मुलांना सांगतो, "काहीतरी लिहा, कोरे सोडू नका." इथे नेमके उलटे आहे. अंदाजाने लिहिलेला शब्द औषध बनून कुणाच्या तरी शरीरात जातो. तेव्हा आम्ही ठरवले की संस्थेलाही हाच नियम लावायचा. जे माहीत नाही ते "माहीत नाही" म्हणून सांगते का, ते पाहायचे.

भाचीने प्रश्न वहीत लिहून घेतले. खऱ्या डॉक्टरांच्या डिक्टेशनचा सराव किती तासांचा? वेगवेगळ्या देशांतून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांचे उच्चार त्यात आहेत का? आम्ही टाइप केलेली प्रत कोण तपासते, माणूस की फक्त संगणक, आणि चुका खूण करून परत मिळतात का? शिकवणाऱ्यांनी हे काम स्वतः किती वर्षे केले? मागच्या तुकडीतल्या दोन विद्यार्थिनींशी बोलता येईल का? फी परत मिळण्याच्या अटी लेखी आहेत का?

जाहिरातीतल्या संस्थेने पहिल्या चार प्रश्नांना एकच उत्तर दिले, "मॅडम, सगळे मिळेल." पाचव्याला म्हणाले, विद्यार्थ्यांची माहिती गुप्त असते. सहाव्याला म्हणाले, सवलत फक्त आज रात्री बारापर्यंत आहे. भाचीने फोन ठेवला आणि आमच्याकडे पाहिले. आम्हाला काही बोलावे लागले नाही.

दुसऱ्या एका संस्थेत फोन उचलणाऱ्या बाई स्वतः अनेक वर्षे हे काम केलेल्या निघाल्या. त्या म्हणाल्या, तीन महिन्यांत होत नाही, नऊ महिने ते वर्ष धरा. नोकरीची हमी देता येणार नाही, कंपन्यांच्या परीक्षेला बसवणे आमच्या हातात आहे. मग त्यांनी तीन मिनिटांची एक फीत विनामूल्य पाठवली. भाचीला ती उतरवायला अडीच तास लागले. १९ जागा रिकाम्या राहिल्या. तपासलेली प्रत आली तेव्हा त्या १९ जागांबद्दल तक्रार नव्हती. चार शब्दांना मात्र लाल खूण होती. ते तिने अंदाजाने लिहिले होते. खाली लिहिले होते: आधी दोन महिने इंग्रजी ऐकण्याची सवय करा, मग प्रवेश घ्या. पैसे घ्यायला तयार असलेली संस्था "आत्ता घेऊ नका" म्हणते, तेव्हा ती शिकवायला बसलेली आहे असे आम्ही समजतो. दोन महिन्यांनी भाचीने तिथेच नाव घातले, हप्त्याने फी भरून. बांगड्या गहाण पडल्या नाहीत.

त्याच बाईंनी एक कडू गोष्टही सांगितली. आता बोललेले शब्द संगणकच लिहितो. अशी प्रणाली बनवणारी न्युआन्स ही मोठी कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ताब्यात घेतली, यावरूनच वारा कुठे वाहतो ते समजावे. निव्वळ टाइप करण्याचे काम घटते आहे, आणि अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचा अंदाजही तेच सांगतो. यंत्राने लिहिलेला मसुदा आवाजाशी ताडून दुरुस्त करण्याचे काम मात्र उरते. यंत्राची चूक दिसायला व्यवस्थित असते, स्पेलिंग अचूक आणि शब्दच चुकीचा. ती पकडायला कान आणि ज्ञान दोन्ही लागतात. म्हणून कोर्समध्ये मसुदा दुरुस्तीचा सराव नसेल तर तो कालचा कोर्स समजावा. हे सगळे ऐकूनही शिकायचे का, हा निर्णय भाचीचा होता. ती म्हणाली, "खाला, हे जमले नाही तरी शरीरशास्त्र आणि इंग्रजी माझ्याकडे राहील. मेडिकल कोडिंगकडे वळता येईल." कोडिंग म्हणजे आजार आणि उपचार यांना ठरलेले संकेतांक देणे. त्याचे शिक्षण वेगळे असते. दोन्ही एकाच प्रमाणपत्रात उरकून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

फसवणुकीचा आणखी एक प्रकार पालकांनी ओळखून ठेवावा. काम देण्यासाठी अनामत रक्कम मागतात, ऑनलाइन करारावर सही घेतात, आणि काही दिवसांनी "तुमच्या कामात चुका आहेत, करारभंग झाला, दंड भरा" म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात. घाबरून पैसे भरू नयेत. नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही. अशा सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. कोर्सच्या फीबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती, जाहिरातीचे चित्र आणि झालेले बोलणे जपून ठेवावे.

भाचीला आता आठ महिने झाले. कमाई अजून सुरू झालेली नाही. एका कंपनीच्या परीक्षेत ती नापास झाली, दुसरीचा निकाल यायचा आहे. तीन मिनिटांची फीत ती आता अर्ध्या तासाच्या आत उतरवते.

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. घरबसल्या काम म्हणजे रिकामपणाचे काम नव्हे. कानाला हेडफोन लावून बसलेल्या सुनेला दर दहा मिनिटांनी चहासाठी हाक मारली तर ती 'हायपो'चे 'हायपर' लिहील. बहिणीच्या विहिणीने अंथरुणावरूनच नियम करून दिला आहे की जुहरनंतर अस्रपर्यंत त्या खोलीचे दार कोणी वाजवायचे नाही. जावई त्या वेळी मुलाला घेऊन बाहेर जातात. दुसरे असे की कानावर पडणारा आजार ज्याचा आहे, त्याची ती अमानत आहे. अमेरिकेत १९९६ च्या हिपा कायद्याने रुग्णाच्या माहितीला संरक्षण दिले आहे, आणि चांगला कोर्स त्याचा धडा अगदी सुरुवातीला देतो. पडद्यावर काय आहे ते घरातल्यांनी डोकावून पाहू नये, विचारूही नये.

फी भरण्यापूर्वी संस्थेला एक प्रश्न अवश्य विचारा: तुम्ही कशाची खात्री देऊ शकत नाही? मग गप्प राहून उत्तर पूर्ण ऐकून घ्या.