बर्फावरची पहिली इयत्ता

मैत्रिणींनो, छत्तिसाव्या वर्षी पैसे मोजून पडायला शिकायचं, असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. पण गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गला मी नेमकं तेच केलं!

ह्यांची रजा मंजूर झाली आणि लेकीची शाळा चार दिवस बुडवून (मी स्वतः शिक्षिका असून!) आम्ही मिरजेहून निघालो. श्रीनगरपासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. टंगमर्ग सोडलं की घाट लागतो, आणि बर्फ असला की गाड्यांच्या चाकांना साखळ्या बांधतात. गुलमर्ग म्हणजे फुलांचं कुरण. जुनं नाव गौरीमर्ग. उंची सुमारे २,६५० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट! उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात, तिथलेच बर्फाने झाकलेले सौम्य उतार नवशिक्यांना बरे. केबलकारने अफरवटच्या डोंगरावर जाता येतं, पण शिकणाऱ्याने तिथे फक्त देखावा पाहावा.

स्कीचे बूट म्हणजे पायात सिमेंटचे डबे. त्याखाली लांब पट्ट्या अडकवल्या की आपलेच पाय परके होतात. पहिला धडा सपाटीवर चालण्याचा, तोही एकाच पायात पट्टी घालून. दुसरा पडण्याचा: तोल गेलाच तर मागे नाही, कुशीवर पडायचं. उठताना पट्ट्या उताराला आडव्या घ्यायच्या, नाहीतर उठता उठता पुन्हा घसरगुंडी. तिसरा थांबण्याचा. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, कौलारू छपरासारखी. टाचा बाहेर दाबल्या की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो.

ऐकायला किती सोपं, नाही? पण उतार दिसला की जीव घाबरतो आणि आपण मागे रेलतो. रेललं की पट्ट्या ताब्यात राहात नाहीत. गुडघे वाकवून, नडगी बुटाला टेकवून, भीती वाटते तिकडेच झुकायचं असतं. मी चार वेळा पडले. शेजारून सात वर्षांचा एक मुलगा सूं करून गेला. पाचव्यांदा पडले तेव्हा मला चक्क रडू आलं. हे दुरून फोटो काढत होते, त्यांचाही राग आला.

आमचे काश्मिरी शिक्षक जवळ येऊन बर्फातच बसले. "सोपं तर आहे" असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "मॅडमजी, बच्चे का गिरना छोटा होता है. आपका डर बड़ा है, तो हम ढलान छोटी करेंगे." आणि मला खाली, अगदी जेमतेम उतार होता तिथे घेऊन गेले.

तेव्हा मला आमच्या वर्गातल्या मावशी आठवल्या. संध्याकाळी मी बायकांचा लिहिण्या-वाचण्याचा वर्ग घेते. बावन्न वर्षांच्या त्या मावशींना 'ळ' काही केल्या जमत नव्हता. एके दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, इतकं सोपं आहे, पोरंसुद्धा काढतात!" दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. घरात काम असेल, असं मी स्वतःला समजावलं होतं. बर्फात बसल्यावर मला ते काम कोणतं, ते कळलं.

तिसऱ्या दिवशी मी वीस-पंचवीस पावलांचं अंतर घसरत जाऊन आपली आपण थांबले. टाळ्या लेकीने वाजवल्या!

ह्यांनी स्नोबोर्ड करून पाहिला. त्यात दोन्ही पाय एकाच फळीवर बांधलेले. पडताना माणूस हात टेकतो, म्हणून मनगटाला पट्टा हवाच. ह्यांनी तो घातला नाही आणि दोन दिवस डाव्या हाताने जेवले. ज्यांना घसरायचंच नाही, त्यांनी पसरट स्नोशूज बांधून देवदारांतून चालावं. त्याला शिकवणी लागत नाही.

जाणार असाल तर थोडं लक्षात ठेवा. अंगालगत सुती कपडा नको, घामाने ओला होऊन गारठवतो. लोकरीचा एकच जाड मोजा घाला, दोन घातले की चुण्या पडून बूट बोचतो. बर्फावरून ऊन परावर्तित होतं, तेव्हा गॉगल आणि उन्हाचं क्रीम विसरू नका. तहान लागली नाही तरी पाणी प्या. महिनाभर आधी जिने चढा, उठाबशा काढा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ चांगला, पण बर्फाची चौकशी करूनच तिकिटं काढा. २०२४ च्या जानेवारीत तिथली कुरणं बराच काळ कोरडी होती. भाड्याचे दर आधी ठरवा. गुलमर्गला स्कीइंगची सरकारी संस्थाही आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू आरिफ खान याच भागातला.

मिरजेला परतल्यावर मी मावशींच्या घरी गेले. माफी मागायला शब्द सुचेनात, म्हणून माझ्या पडण्याच्याच गोष्टी सांगितल्या. पदर तोंडाला लावून त्या हसल्या. "बाई, तुम्हीसुद्धा?" म्हणाल्या.

सोमवारी त्या वर्गात आल्या. मी पाटीवर 'ळ' काढला नाही. नुसती दोन वाटोळी काढायला दिली.